संत्र्याच्या रसाने बिगिनेली: पद्धत खरंच चालते का, हे कसं तपासायचं

नागपुरात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला 'ग्रीन सिंथेसिस' (पर्यावरणाला कमी त्रास देणारी रासायनिक पद्धत) घेतलं की संत्र्याचा रस कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) म्हणून वापरायची कल्पना दरवर्षी कुणाला ना कुणाला सुचतेच. कल्पना वाईट नाही. फळ कळमन्याच्या बाजारात मिळतं, आम्ल फुकट मिळतं. पण 'रस टाकला आणि प्रॉडक्ट आलं' एवढ्याने पद्धत सिद्ध होत नाही. रसाशिवाय किती आलं असतं, तेवढंच सायट्रिक आम्ल पाण्यात टाकून किती आलं असतं आणि त्या दिवशी फ्लास्कच्या आत तापमान किती होतं, ही तीन उत्तरं हातात नसतील तर बाकीचा थिसिस नुसता सजावटीचा. इथे बिगिनेली रिॲक्शन उदाहरणाला घेतली आहे. सामान स्वस्त, प्रॉडक्ट घन, शुद्ध करायला कॉलम (क्रोमॅटोग्राफीची नळी) बहुधा लागत नाही.

ही रिॲक्शन पिएत्रो बिगिनेली यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. ॲल्डिहाइड, बीटा-कीटोएस्टर आणि युरिया आम्लासोबत तापवले की डायहायड्रोपिरिमिडिनोन तयार होतं आणि पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात. बेन्झाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया घेतल्यास प्रॉडक्टचं रेणूवजन २६०.२९ आणि वितळणांक २०२ ते २०४ अंश से. हे संयुग नवं नाही आणि ते इथे सोयीचंच आहे: पद्धत नवी असताना संयुग जुनं असावं, म्हणजे ताळा करता येतो. मात्र साहित्य आधी शोधा, तेही नुसत्या शब्दांवर नाही, स्ट्रक्चर काढून. सायट्रिक आम्लाने बिगिनेली आणि फळांच्या रसाने बिगिनेली, दोन्हींवर आधीच काम झालेलं आहे. तुमचं वेगळेपण कुठे आहे ते एका वाक्यात लिहिता येत नसेल तर अजून आठवडाभर वाचा.

आधी बाटली तपासा

बेन्झाल्डिहाइडची जुनी बाटली उघडून झाकणाच्या आट्यांकडे पाहा. तिथे पांढरे स्फटिक दिसले तर ते बेन्झोइक आम्ल. हवेतल्या ऑक्सिजनने ॲल्डिहाइडचं ऑक्सिडेशन होतं आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बंद स्टोअर-रूममध्ये ते आणखी झपाट्याने होतं. आता हेच ॲल्डिहाइड तुम्ही 'कॅटॅलिस्टशिवाय' म्हणून ब्लँकमध्ये (तुलनेसाठी कॅटॅलिस्ट न घालता केलेल्या फ्लास्कमध्ये) घातलं तर ब्लँकमध्ये आम्ल आपोआप आलंच की! ब्लँकचं यील्ड (मिळालेलं प्रॉडक्ट) वाढतं, रसाचा फायदा दिसेनासा होतो आणि आठवडाभर कारण सापडत नाही.

उपाय सोपा आहे. २० मिली ॲल्डिहाइड सेपरेटिंग फनेलमध्ये घेऊन १० टक्के सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने दोनदा धुवा. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, म्हणून दाब वरचेवर सोडा. मग पाण्याने एकदा धुवून निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा आणि कमी दाबावर ऊर्ध्वपातन करा. वातावरणाच्या दाबावर ते १७८-१७९ अंशांना उकळतं, १० मिमी दाबावर ६२ अंशांच्या आसपास येतं. नायट्रोजन भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच आठवड्यात संपवा. ॲल्डिहाइड पुसलेला कपडा कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका, तो आपोआप तापू शकतो. आधी पाण्यात भिजवा.

युरिया पावसाळ्यात चिकट होतो. खलात बारीक करून डेसिकेटरमध्ये ठेवा. ओव्हनमध्ये जोरात तापवू नका: तो १३३ अंशांना वितळतो आणि पुढे बाययुरेट बनतं. सायट्रिक आम्लाच्या बाटलीवर 'निर्जल' लिहिलंय की 'मोनोहायड्रेट' ते वाचा. पहिल्याचं रेणूवजन १९२.१२, दुसऱ्याचं २१०.१४. दहा टक्क्यांच्या आसपासची ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

रस मोजून घ्या

'५ मिली संत्र्याचा रस' हे प्रमाण नव्हे. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दोन्हींची आंबटाई सारखी नसते. म्हणून एकाच दिवशी एकाच ढिगातली फळं घ्या, रस काढून आधी कापडातून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळा, ५० मिलीच्या बाटल्यांत भरून गोठवा. सगळं काम याच साठ्यावर करा. बाजारातला डबाबंद रस चालणार नाही, त्यात वरून आम्ल आणि प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असू शकतं.

साल पिळली जाऊ देऊ नका. सालीतल्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. ते टीएलसीवर (पातळ थरावरच्या क्रोमॅटोग्राफीत) सॉल्व्हंट फ्रंटजवळ पळतं, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दिसत नाही आणि आयोडीनच्या बरणीत मात्र तपकिरी ठिपका देतं. हा ठिपका 'नवं बायप्रॉडक्ट' समजून त्याच्यामागे लागणारे कमी नाहीत.

आता टायट्रेशन. ५ मिली रस डिस्टिल्ड वॉटरने ५० मिली करा आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घाला. नारिंगी रंगात फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग नीट कळत नाही, त्यामुळे पीएच मीटर लावून ८.२ ला थांबा. अल्कलीच्या दर मिलीमागे ६.४ मिग्रॅ सायट्रिक आम्ल धरा. ५.५ मिली लागले तर त्या ५ मिली रसात ३५ मिग्रॅ, म्हणजे ०.१८ मिलीमोल आम्ल आहे. १० मिलीमोलच्या रिॲक्शनला हे जेमतेम १.८ मोल टक्के (ॲल्डिहाइडच्या दर १०० मोलमागे १.८ मोल) झालं. इतर लोकांनी १० मोल टक्के सायट्रिक आम्ल वापरून मिळवलेल्या आकड्यांशी याची थेट तुलना करता येत नाही.

सहा फ्लास्क

प्रत्येक ५० मिलीच्या आरबीमध्ये (गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये) बेन्झाल्डिहाइड १.०६ ग्रॅम (१० मिलीमोल), इथाइल ॲसिटोॲसिटेट १.३० ग्रॅम (१० मिलीमोल) आणि युरिया ०.९० ग्रॅम (१५ मिलीमोल). मग असे फरक करा:

१. आणखी काहीच नाही.
२. ५ मिली साधं डिस्टिल्ड वॉटर.
३. ५ मिली रस.
४. ५ मिली पाण्यात ३५ मिग्रॅ निर्जल सायट्रिक आम्ल.
५. ५ मिली रस, पण सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ला आणलेला.
६. पाणी नाही, ०.१९ ग्रॅम घन सायट्रिक आम्ल (१० मोल टक्के).

सगळ्यांना ८० अंश. पण हे ८० अंश ऑइल बाथचे की मिश्रणाचे? मिश्रणाचे. थर्मामीटर मिश्रणात बुडवा, कारण पाणी असलेला आणि नसलेला फ्लास्क एकाच बाथमध्ये आतून सारखे तापत नाहीत. तापमान जपण्याला आणखी एक कारण आहे. १०० ते १०५ अंशांवर सॉल्व्हंट आणि कॅटॅलिस्ट या दोन्हींशिवायही ही रिॲक्शन चांगली चालते, हे कोलकात्यातून २००२ मध्येच प्रसिद्ध झालेलं आहे. बाथ ८० वरून १०० ला सरकला तर तुमचा कॅटॅलिस्ट बिनकामाचा ठरतो.

१५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी कॅपिलरीने नमुना घ्या, थेंबभर इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळवून टीएलसी करा. हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट समप्रमाणात. ॲल्डिहाइड वर जातं, प्रॉडक्ट बरंच खाली राहतं. सगळे फ्लास्क रात्रभर ठेवून सकाळी यील्ड काढलं तर सगळेच सारखे दिसतील. कॅटॅलिस्टचा गुण वेगात असतो. वेळ संपली की सहाही एकदम बर्फात ठेवा.

सहाव्या फ्लास्कमध्ये मिश्रण घट्ट होत जातं आणि मॅग्नेट अडकतो. इथे ढवळणं थांबलं की गोळ्याच्या पोटात ॲल्डिहाइड अडकून राहतं. गोळा फोडल्यावर कडू बदामाचा वास सुटला तर तेच झालंय. काचेच्या कांडीने मोडा, किंवा सुरुवातीलाच १ मिली इथेनॉल घाला, फक्त ते वहीत लिहा आणि पुढे 'सॉल्व्हंट-फ्री' म्हणू नका.

वर्कअप: बर्फाचं पाणी २० मिली घालून घन नीट चुरा, बुखनर फनेलवर गाळा, १० मिली पाण्याने तीनदा धुवा. यात उरलेला युरिया आणि सायट्रिक आम्ल निघून जातं, रसवाल्या फ्लास्कमधली साखरही. शेवटी ५ मिली बर्फगार इथेनॉल. त्याहून जास्त इथेनॉल ओतलं तर प्रॉडक्टही खाली उतरतं. ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. पूर्ण यील्ड म्हणजे २.६० ग्रॅम. कुणी पहिल्याच दिवशी ९८ टक्के सांगितलं तर आधी विचारा, सुकवलं किती तास? ओलं वजन घेण्याइतकी सर्रास चूक दुसरी नाही.

निकाल वाचायची रीत अशी. तिसरा आणि चौथा सारखे आले तर काम सायट्रिक आम्लाचं आहे आणि शीर्षकातही सायट्रिक आम्लच लिहायला हवं. तिसरा चौथ्यापेक्षा स्पष्ट पुढे असेल, तेही तीन वेळा करून, तरच रसातल्या आणखी कशाचा तरी हात आहे असं म्हणता येतं. पाचवा चालला तर गंमत आहे, मग आम्लाखेरीजचं कारण शोधावं लागेल. पहिला आणि सहावा जवळ आले तर बेन्झाल्डिहाइडच्या बाटलीकडे परत जा.

प्रॉडक्ट तेच आहे ना?

वितळणांक २०० च्या वर असल्याने थील ट्यूबमध्ये (वितळणांक मोजायच्या तेल भरलेल्या नळीत) लिक्विड पॅराफिन धुरकटतं; सिलिकॉन ऑइल घ्या. १९५ ते २०० अशी पसरट रेंज आली तर नमुना ओला किंवा अशुद्ध.

प्रोटॉन एनएमआर डीएमएसओ-डी६ मध्ये द्या, क्लोरोफॉर्ममध्ये हे नीट विरघळत नाही. ९.२ आणि ७.७ पीपीएमच्या आसपास दोन एनएच, ७.२ ते ७.४ मध्ये पाच प्रोटॉन, ५.१५ ला एका प्रोटॉनचा डबलेट, ३.९८ ला क्वार्टेट, २.२५ ला सिंग्लेट आणि १.१ ला ट्रिप्लेट. दोन गोष्टी बारकाईने पाहा. उरलेल्या इथेनॉलचा ट्रिप्लेट १.०६ ला येतो आणि प्रॉडक्टच्या ट्रिप्लेटला चिकटतो. तिथे तीनऐवजी साडेतीन-चार प्रोटॉन मोजले गेले तर ते इथेनॉल समजा. आणि ५.१५ चा डबलेट न दिसता ४.९ च्या आसपास सिंग्लेट दिसला, २.२ ते २.३ ला सहा प्रोटॉन भरले, तर तुमच्याकडे हान्ट्झचं डायहायड्रोपिरिडीन आलंय. जास्त तापल्यावर युरिया फुटून अमोनिया सुटतो, त्याचा हा परिणाम. त्याचा वितळणांक १५८ च्या जवळ असतो.

'रूम टेंपरेचर' लिहू नका

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतलं 'रूम टेंपरेचर' ३८ असू शकतं, डिसेंबरच्या सकाळी तेच १५. पेपर वाचणारा २५ धरतो. अंश लिहा. डायइथाइल ईथर ३४.६ ला उकळतं आणि डायक्लोरोमिथेन ३९.६ ला. दुपारी सेपरेटिंग फनेल हलवून स्टॉपर उडाल्यावर हे आठवून उपयोग नाही. अशी एक्स्ट्रॅक्शन सकाळी करा किंवा इथाइल ॲसिटेट वापरा.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी कंडेन्सरला लावून रोटाव्हॅप (कमी दाबावर सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) चालत नाही. बाथ, वाफ आणि थंड पाणी यांत साधारण २०-२० अंशांचं अंतर हवं: बाथ ६० तर पाणी २०. टबमध्ये बर्फ आणि कूलरचा पंप, ही इथली चालती सोय आहे. पंपाची उचल कमी असते, म्हणून टब टेबलाच्याच उंचीवर ठेवा. अर्थिंग तपासा आणि पंप सुरू असताना पाण्यात हात घालू नका. कूलरचा झोत तराजूवर येत असेल तर चौथा दशांश नाचत राहतो. शिवाय ती हवा दमट, निर्जल आम्ल तोलताना बाटली उघडी ठेवायची नाही.

हिरवेपणाचा हिशेब

ॲटम इकॉनॉमी (सामानाच्या वजनातला किती भाग प्रॉडक्टमध्ये जातो) २६०.२९ भागिले २९६.३२, म्हणजे ८७.८ टक्के. हा आकडा कोणत्याही कॅटॅलिस्टने तोच येणार, त्यामुळे तो तुमच्या पद्धतीचं कौतुक म्हणून छापू नका. ई-फॅक्टर (दर ग्रॅम प्रॉडक्टमागे किती ग्रॅम कचरा) जास्त बोलका. सहाव्या फ्लास्कमध्ये ३.४५ ग्रॅम घालून ८५ टक्के यील्डने २.२१ ग्रॅम मिळालं, तर पाणी सोडून ई-फॅक्टर ०.५६. धुण्याचं ५ मिली आणि रीक्रिस्टलायझेशनचं २० मिली असं २५ मिली इथेनॉल टाकून दिलं की तो ९.५ होतो. कॉलम चालवून १५० ग्रॅम सॉल्व्हंट फेकलं तर ७० च्या आसपास. इथेनॉल परत मिळवणं हे कॅटॅलिस्ट बदलण्यापेक्षा जास्त फायद्याचं ठरतं.

इतर ॲल्डिहाइड

आठ-दहा पुरेत, पण निवड अशी करा की पद्धत अडखळेल. ४-क्लोरो, ४-मिथॉक्सी आणि ३-नायट्रो झाले की २-क्लोरो घ्या, म्हणजे जागेची अडचण कळते. ४-नायट्रोबेन्झाल्डिहाइड १०५ ला वितळतं, म्हणून ८० अंशांवर सॉल्व्हंटशिवाय ते सुरुवातीला खडे होऊन बसू शकतं. बारीक करून घाला. फरफ्युराल आम्लात काळवंडतं. ब्युटिरॅल्डिहाइडसारखी ॲलिफॅटिक साधारणपणे कमी यील्ड देतात. युरियाऐवजी थायोयुरियाही एकदा करून पाहा. जी चालली नाहीत ती तक्त्यात 'प्रॉडक्ट नाही' असं लिहून तापमान आणि तासांसकट ठेवा. पुढच्या बॅचला तोच फ्लास्क पुन्हा लावावा लागणार नाही.