वडिलोपार्जित नाणी: ओळख, किंमत आणि कोकणच्या हवेत जपणूक

माळ्यावरच्या पेटाऱ्यातून नाण्यांचा बटवा निघाला की घरात कुणीतरी हमखास आमसूल किंवा पितांबरी घेऊन बसतं. तेवढं थांबवा. आमसूल, चिंच, लिंबू यांतलं आम्ल तांब्याचा वरचा थर खातं आणि राखेने बारीक ओरखडे पडतात. जाणकार भिंगाखाली पाहताच घासलेलं नाणं ओळखतो, आणि पडलेली किंमत पुन्हा चढत नाही. चांदीवरचा काळसर-निळसर थर मळ नव्हे, तो राहू द्या. लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू किंवा माती चिकटली असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, सुटेल तेवढं सुटू द्या आणि सुती कापडावर टिपून घ्या. पुसू नका, टिपा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नाण्यावर बसतात.

पेटाऱ्यात दोन-तीन बटवे असतील तर एकत्र ओतू नका. कुठल्या बटव्यात काय होतं हे लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नाणं कडेने धरा. बोटांच्या घामात मीठ असतं.

वजन आणि पाणी

0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि दहापट भिंग एवढं घ्या. कंपनी सरकारने 1835 साली सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया आणला: वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. अधेली 5.83, पावली 2.92, चवली 1.46 ग्रॅम. वापराने झिजलेला रुपया 11.4 पर्यंत उतरतो. पण नक्षी करकरीत आणि वजन 11 च्या आत, असं दिसलं तर संशय घ्या.

घरच्या घरी करायची खात्रीची चाचणी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, टेकलं की आकडा खोटा. खऱ्या रुपयाला काटा साधारण 1.13 ग्रॅम दाखवतो. नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागलं की 10.3 च्या आसपास यायला हवं. जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल, जस्ताचा मिश्रधातू, चांदी अजिबात नाही) नकली नाणं 9 च्या खाली जातं. 1940 ते 1945 च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यांचं उत्तर साडेनऊच्या आसपास येतं. त्याला खोटं ठरवू नका. तसंच लोहचुंबकाला चिकटलं म्हणजे नकली असंही नाही: 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चिकटायलाच हवा.

किंमत

चांदीच्या रुपयाची किमान किंमत त्यातल्या चांदीची. 1939 पर्यंतच्या रुपयात 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी, 1940-45 च्या रुपयात 5.83. त्या दिवसाच्या भावाने गुणा. सोनार घट धरून त्याहून कमी देईल, आणि मोडीत घालण्याच्या लायकीचं कुठलं हे कळेपर्यंत त्याच्याकडे जायचंच कशाला?

त्याच्या वर किती मिळेल हे साल, टांकसाळ आणि झीज ठरवते. 1840, 1862 आणि 1916 ते 1920 ही सालं ढिगाने सापडतात. झिजलेल्या प्रतीला चांदीपेक्षा थोडंच जास्त मिळतं. 1862 चं तर साल न बदलता पुढे कित्येक वर्षं टाकलं गेलं. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि 1912 ला नक्षी बदलली. 1911 चा म्हणून मागणीत असतो. 1939 चा रुपया दुर्मिळ, त्यामुळे नकलाही त्याच्याच. सालाचा शेवटचा आकडा आणि त्याच्या भोवतीचा सपाट भाग भिंगाखाली पाहा, बाकीच्या आकड्यांभोवतीपेक्षा तो वेगळा दिसला तर नाणं बाजूला ठेवा. झीज पाहताना राणीचे केस आणि राजाचा कान पाहा, उंच भाग आधी झिजतात. कडी डाखलेलं किंवा माळेसाठी भोक पाडलेलं नाणं संग्राहकाला नको असतं. (1943 ते 47 चा भोकाचा पैसा टांकसाळीतूनच तसा आला, तो वेगळा.)

किनाऱ्यावरच्या घरांत आणखी काही सापडतं. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे गोव्याचा 1881-82 चा पोर्तुगीज रुपिया असतो, वजन इंग्रजी रुपयाएवढंच. बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरात 28 ग्रॅमचा, ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा चांदीचा डॉलर निघतो. त्यावर नेहमी 1780 असतं, कारण नंतर पाडलेल्या नाण्यांवरही तेच साल ठेवलं. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ वाचता आलं तरी ती महाराजांच्याच काळातली असं धरू नका, पेशवाईतही शिवराया पडत होत्या. सोन्याचा होन निघाला तर आधी तज्ज्ञ, मग नातेवाईक; स्मृतिचिन्हं म्हणून केलेल्या नकला खूप आहेत. ओळख पटवायला नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संस्था चांगली.

रामदरबार, हनुमान किंवा ॐ असलेली, 1616, 1717, 1818 अशा सालांची ‘ईस्ट इंडिया कंपनी’ची नाणी चलनात कधीच नव्हती. ती तांदूळ ओढतात म्हणून कोट्यवधी देतो म्हणणारा भामटाच. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कर किंवा कमिशन मागणाऱ्यांशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलं आहे. जाहिरातीतले मागितलेले भाव धरू नका. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं, तुमच्याइतकंच झिजलेलं नाणं शोधून त्याचा भाव धरा.

नाणी पेटाऱ्यात नव्हे तर जोतं खणताना किंवा माडाच्या बुडाशी सापडली, तर गोष्ट कायद्याची. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची नाणी परदेशी पाठवता येत नाहीत.

साठवण

खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल मिळून तांब्याला फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी येते. तो क्लोराईडचा रोग. ओल मिळाली की खोल खात जातो. जुन्या नाण्याचा गुळगुळीत, गडद हिरवा थर मात्र निरुपद्रवी. नखाने खरवडायला जाऊ नका, दातकोरणीच्या लाकडी टोकाने हलकेच लावून पाहा: भुकटी सुटली तर ते नाणं लगेच वेगळ्या डबीत, सिलिका जेलबरोबर.

मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम पीव्हीसीचे असतात. त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर चिकट हिरवा लेप बसतो. तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतो (खिडकी उघडी, गॅस बंद, नेलपॉलिश रिमूव्हर नको). मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, तेही चिकटणारे. पिनांचे घेतले तर दोन पावसाळ्यांत पिना गंजतात. होल्डरवर साल आणि वजन आधी लिहा, नाणं नंतर घाला. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. वर्तमानपत्र, मखमल, प्लायवूडचं कपाटही नको.

होल्डर हवाबंद डब्यात ठेवा. डब्याच्या बुडाला त्रिकोणात 5 आकडा असेल तर तो पॉलिप्रोपिलीनचा, चालतो. 3 म्हणजे पीव्हीसी. पाच लिटरच्या डब्याला 100 ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. आकडा 40 टक्क्यांच्या खाली ठेवा. नारंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून पूर्ण गार करून परत घाला. निळे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट असतं.

डबा भरायचा तो डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी. आगोटीच्या घाईत भरलात तर ओली हवाही आत कोंडली जाते. जून ते सप्टेंबर उघडू नका. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचं असलं तरी याच डब्यासकट ठेवा.