पद्म पुरस्कारासाठी आपल्या भागातील डॉक्टरांचे नामांकन कसे करावे

आपल्या भागातील एखाद्या डॉक्टरांनी आधी कुणी न केलेले काही करून दाखवले असेल आणि त्याची दखल देशपातळीवर घेतली जावी असे वाटत असेल, तर मराठवाड्यात आपण साधारणपणे एकच मार्ग धरतो. नागरी सत्कार समिती स्थापन होते, आमदार-खासदारांना निवेदन दिले जाते, वर्तमानपत्रात मागणी छापून येते आणि पुढे सगळे थंडावते. प्रत्यक्षात पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री या १९५४ मध्ये सुरू झालेल्या तिन्ही पुरस्कारांसाठी कोणताही नागरिक थेट नामांकन करू शकतो. स्वतःचे नाव सुचवण्याचीही मुभा आहे. नामांकन केवळ ऑनलाइन, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर (अवॉर्ड्‌स डॉट जीओव्ही डॉट इन) नोंदणी करून भरावे लागते. या कामासाठी ‘दिल्लीत ओळख आहे’ असे सांगणाऱ्या कुणालाही एक रुपयाही देऊ नये.

सर्वप्रथम पात्रता तपासून घ्यावी. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी सेवेत असताना या पुरस्कारांना पात्र नसतात, परंतु डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांना या नियमातून वगळले आहे. त्यामुळे घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), जिल्हा रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आज नोकरीवर असलेल्या डॉक्टरांचे नावही निःशंकपणे सुचवता येते. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात नेत्रशल्यचिकित्सक म्हणून सेवेतच होते. ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि निसर्गोपचार यांतील कामही वैद्यकीय क्षेत्रातच धरले जाते. मरणोत्तर पुरस्कार मात्र सहसा दिला जात नाही. अत्यंत योग्य व्यक्तीच्या बाबतीत, तोही निधन अलीकडचे असेल तरच, विचार होऊ शकतो. म्हणून डॉक्टर हयात असतानाच हे काम हाती घ्यावे. अनेकदा आपल्याला ही जाग शोकसभेत येते, हे दुर्दैवाने खरे आहे.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक नामांकने तिथेच कच्ची राहतात. पद्म पुरस्कार केवळ दीर्घ सेवेसाठी नसून विशिष्ट, उल्लेखनीय सेवेसाठी असतो आणि त्यात लोकसेवेचा अंशही असावा लागतो, असे पुरस्काराचे निकष सांगतात. चाळीस वर्षे अल्प दरात रुग्ण तपासले, ही गोष्ट आदरणीय खरीच, पण तेवढ्यावर नामांकन उभे राहत नाही. आमच्या तालुक्यातील एका ज्येष्ठ डॉक्टरांसाठी आम्ही काही वर्षांपूर्वी लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात ‘गोरगरिबांचे कैवारी’, ‘देवदूत’, ‘सेवेचा महामेरू’ असे सगळे काही होते, फक्त एकही सन नव्हता. ते मानपत्र होते. मानपत्र हारतुऱ्यांसोबत वाचून दाखवायचे असते, तर नामांकनाचा मजकूर डॉक्टरांना कधीही न भेटलेल्या माणसाला पटावा लागतो.

फरक ध्यानात यावा म्हणून मराठवाड्याचेच एक उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातील देहेड हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे गाव; त्यांची कर्मभूमी मात्र रायगड जिल्ह्यातील महाड परिसर. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘विंचू चावलेल्या असंख्य रुग्णांना त्यांनी जीवदान दिले’ असे त्यांच्याविषयी लिहिले तर ते खोटे ठरणार नाही, पण त्यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके एकदम मोठ्या प्रमाणात स्रवतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावतो. ग्रामीण आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. बावस्करांनी ही लक्षणे बारकाईने टिपली आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषाच्या परिणामांवर उपयोगी पडते, हा त्यांचा अनुभव १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. या मांडणीत विशेषण एकही नाही, तरीही आधी काय होत होते, यांनी नवे काय केले, ते कुठे नोंदले गेले आणि त्याचा उपयोग कुणाला झाला, हे चारही मुद्दे त्यात येतात. आपल्या डॉक्टरांविषयी या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पोर्टल उघडूच नये.

शोधनिबंध नसला म्हणून नामांकन होत नाही असे मात्र समजू नये. लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाच्या उभारणीत ज्यांचा वाटा आहे, त्या डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले, ते सामान्यांना परवडणारी आरोग्यसेवा संस्थेच्या रूपाने उभी केल्याबद्दल. संस्था उभारणी हेही अग्रेसर कामच आहे. तिथे विचारायचे प्रश्न वेगळे असतात. त्या जिल्ह्यात ती सोय आधी होती का, ती नसल्यामुळे रुग्णांना हैदराबाद, सोलापूर किंवा पुण्याला जावे लागत होते का, आणि संस्थापक बाजूला झाल्यावरही संस्था चालते का?

पुरावे गोळा करण्यासाठी किमान सहा महिने हाताशी ठेवावेत. २०२६ च्या पुरस्कारांची नामांकने १५ मार्च २०२५ पासून सुरू झाली होती, तर त्याआधी काही वर्षे ती १ मेपासून सुरू होत. मुदत पावसाळ्यात संपते, परंतु तारखा बदलत असल्याने त्या दरवर्षी पोर्टलवरच पाहाव्यात. मृग लागला की गावाकडची माणसे पेरणीत अडकतात आणि जुन्या आठवणी सांगायला कुणी घरी सापडत नाही, म्हणून भेटीगाठी हिवाळ्यात, फार तर रब्बीची सुगी आटोपताच उरकाव्यात. दवाखान्याच्या जुन्या नोंदवह्या, शस्त्रक्रियांचे रजिस्टर, शिबिरांचे अहवाल, विश्वस्त संस्थेचे वार्षिक अहवाल, वैद्यकीय परिषदांत वाचलेले निबंध आणि तारखेसह वर्तमानपत्रांची कात्रणे ही खरी सामग्री होय. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेले विद्यार्थी, परिचारिका आणि कंपाउंडर यांना अवश्य भेटावे, कारण कोणती गोष्ट कोणत्या वर्षी सुरू झाली हे बहुधा त्यांनाच आठवते. रुग्णांची नावे आणि केसपेपर मात्र त्यांच्या संमतीशिवाय कुठेही जोडू नयेत.

एक सावधगिरी खास आपल्या भागासाठी. मराठवाड्यातील जवळपास प्रत्येक ज्येष्ठ डॉक्टरांच्या परिचयात ‘किल्लारी भूकंपात मोलाची सेवा केली’ हे वाक्य असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर असंख्य हात मदतीला धावले होते, त्यामुळे हे वाक्य एकटे असेल तर ते कुणालाच वेगळे ठरवत नाही. डॉक्टर कोणत्या गावात होते, किती दिवस होते, अस्थिभंगाचे रुग्ण कुठे हलवले, पुनर्वसनानंतर त्यांचा पाठपुरावा केला का, हे सांगता येत असेल तरच तो उल्लेख ठेवावा.

पोर्टलवर कामाचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत मागितले जाते. हा लेखही त्याहून मोठा आहे. मजकूर आधी मराठीत लिहून काढावा, दोनदा कापावा आणि मगच त्याचे भाषांतर करावे. पहिल्याच परिच्छेदात मुख्य काम आणि त्याचे वर्ष आले पाहिजे. जन्म, शिक्षण आणि याआधी मिळालेले जिल्हास्तरीय पुरस्कार यांना दोन-तीन वाक्ये पुरतात. मसुदा डॉक्टरांच्या क्षेत्रातील, परंतु त्यांच्या स्नेहवर्तुळाबाहेरच्या एका जाणकाराकडून तपासून घ्यावा. ‘मराठवाड्यात प्रथमच’ असे आपण मोठ्या उत्साहाने लिहितो आणि तेच काम नांदेडला किंवा अंबाजोगाईला आधी झालेले निघते. अशी एक चूक सापडली तरी उरलेल्या मजकुरावरचा विश्वास उडतो. डॉक्टरांनाही मसुदा दाखवावा. काहींना सन्मान नको असतो, आणि तसे असेल तर तिथेच थांबावे.

नामांकन दाखल झाल्यावर आपल्या हातात फारसे काही राहत नाही. पंतप्रधान दरवर्षी नेमतात ती पद्म पुरस्कार समिती, मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली, सर्व नावांचा विचार करते आणि तिच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपतींकडे जातात. वर्षाला एकूण १२० पेक्षा जास्त पुरस्कार देता येत नाहीत. मरणोत्तर, तसेच अनिवासी भारतीय व परदेशी व्यक्तींना दिलेले पुरस्कार त्या संख्येत धरले जात नाहीत. नावे प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने जाहीर होतात. यादीत नाव आले नाही तर मजकुरात नव्या कामाची भर घालून पुढच्या वर्षी पुन्हा नामांकन भरावे.

नाव आले, तर राष्ट्रपतींच्या स्वाक्षरीची सनद आणि पदक मिळते. पदकाची छोटी प्रतिकृतीही मिळते आणि ती समारंभांत लावता येते. रोख रक्कम नसते, रेल्वे-विमानाची सवलतही नसते. गावातल्या सत्काराच्या तयारीत मात्र एक चूक हमखास होते. पद्म पुरस्कार ही पदवी नाही, ती नावाच्या आधी वा नंतर लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि असा गैरवापर झाल्यास पुरस्कार गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून निमंत्रणपत्रिका, फ्लेक्स आणि स्मरणिका यांवर नाव केवळ ‘डॉ.’ लावून छापावे आणि पुरस्काराचा उल्लेख खालच्या मजकुरात स्वतंत्र वाक्यात करावा. छपाईवाल्याला ही सूचना तोंडी न देता लिहून द्यावी, कारण तो आपल्या मनाने ‘पद्मश्री’ हा शब्द सर्वांत मोठ्या टाइपात टाकतोच.