ऑनलाइन शिकवणीची फी: मागावी कशी, घ्यावी कशी, नोंदवावी कशी

गोव्यात फोंड्याच्या माझ्या घरातून मी ऑनलाइन पेटी शिकवतो. पहिल्या तुकडीत ११ विद्यार्थी होते, तेव्हा कोणाची फी आली आणि कोणाची राहिली हे तोंडपाठ असे. संख्या चाळिशीत पोहोचली त्या महिन्यात मी डिचोलीच्या एका काकींना फी राहिल्याची आठवण पाठवली. त्यांनी ती ४ तारखेलाच भरली होती. मात्र पैसे मुंबईत नोकरी करणाऱ्या त्यांच्या भावाच्या खात्यातून आले होते आणि ते नाव माझ्या यादीत कुठेच नव्हते. काकी रागावल्या नाहीत. ‘सर, जरा परत बघा हां’ एवढेच त्यांनी लिहिले, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली.

स्वतंत्रपणे शिकवणारे बहुतेक जण फी गोळा करणे म्हणजे कोणते ॲप वापरायचे हे ठरवणे असे समजतात. ॲप निवडायला एक दुपार पुरते. खरे काम आलेला प्रत्येक रुपया कोणत्या विद्यार्थ्याचा आहे हे निःशंकपणे सांगता येण्याचे आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

पायरी १: फीसाठी वेगळे खाते

ज्या खात्यातून घरचे वीजबिल जाते, मासळीचे पैसे जातात आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, खरेदी होते, त्या खात्यात फी घेऊ नये. मार्चअखेर हिशेब करताना घर आणि शिकवणी वेगळी काढणे जिकिरीचे होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एखाद्या अनोळखी व्यक्तीने पाठवलेली रक्कम कोणाच्या तरी फसवणुकीतून आलेली निघाली, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, कधी कधी पूर्ण खातेच, रोखून धरू शकते. अशा वेळी घरखर्चाचे खाते निराळे असले तर निदान चूल थांबत नाही. बचत खाते चालेल की चालू खाते उघडावे लागेल, हे आपल्या शाखेत आधी विचारून घ्यावे, कारण चालू खात्यात किमान शिल्लक साधारणपणे जास्त ठेवावी लागते.

पायरी २: अटी पैसे घेण्यापूर्वी लिहून देणे

फी किती, ती किती वर्गांची, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, विद्यार्थ्याचा वर्ग बुडाला तर तो भरून मिळेल का, आणि शिक्षकाचा बुडाला तर काय, एवढ्या गोष्टी एका पानात बसतात. आपण सारे भिडेखातर गाळतो ते कलम परताव्याचे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच बाहेर पडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे त्यांत सांगितले आहे. त्या सूचना ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत आणि कलाशिक्षण त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. तरीही ते माप न्याय्य असल्याने मी ते स्वतःला लावून घेतले. १२ वर्गांची फी ३,६०० रुपये असेल आणि ४ वर्ग झाल्यावर कोणी थांबले, तर ८ वर्गांचे २,४०० रुपये परत जातात. पालकाला हे आधीच ठाऊक असले की वाद होत नाही.

पायरी ३: पैसे कोणत्या मार्गाने घ्यावेत

ओळखीतले ३०-४० विद्यार्थी असतील तर यूपीआय पुरेसे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत बँक खात्यातून दुकानदाराला किंवा व्यावसायिकाला दिलेल्या पैशांवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क लागत नाही. मात्र वैयक्तिक यूपीआय आयडीऐवजी फोनपे, गूगल पे, भारतपे यांसारख्यांच्या व्यावसायिक ॲपवरचा किंवा आपल्या बँकेचा व्यापारी क्यूआर घ्यावा. त्यात दिवसाच्या जमेची यादी स्वतंत्र मिळते, आणि मित्राने चहाचे पाठवलेले पैसे तीत मिसळत नाहीत.

पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर ग्राहकाकडून कार्डाने किंवा यूपीआयने पैसे घेऊन ते आपल्या खात्यात पोहोचवणारी रेझरपे, कॅशफ्री, पेयू, इन्स्टामोजो यांसारखी सेवा, वेगळ्या गरजेसाठी आहे. रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम अनोळखी लोकांना विकायचा असेल, कोणी रात्री दोन वाजता पैसे भरले तरी त्याला धडे आपोआप खुले व्हायला हवे असतील, किंवा कार्डाने पैसे देणारे बरेच असतील, तर गेटवे घ्यावा. त्यासाठी पॅन, बँक खाते आणि पत्त्याचा पुरावा लागतो. शिवाय वेबसाइटवर अटी, परतावा धोरण, गोपनीयता धोरण आणि संपर्काचा पत्ता असावा लागतो. पैसे लगेच हाती येत नाहीत, ते सहसा दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात जमा होतात.

खर्चाचा हिशेब आधी मांडावा. शुल्क २ टक्के धरले तर ३,६०० रुपयांवर ७२ रुपये, त्या ७२ वर १८ टक्के जीएसटी १२.९६ रुपये, म्हणजे एकूण ८४.९६ रुपये कापले जातात. ४० विद्यार्थ्यांमागे हे ३,३९८ रुपये ४० पैसे होतात, जवळजवळ एका विद्यार्थ्याची पूर्ण फी. परतावा दिला तरी कापलेले शुल्क बहुधा परत मिळत नाही, तेव्हा ते कोणी सोसायचे हे दुसऱ्या पायरीतल्या कागदावर लिहावे.

दरमहा फी आपोआप वळती व्हावी म्हणून यूपीआय ऑटोपेही गेटवेमार्फत लावता येते. शिकवणीच्या फीसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन द्यावा लागत नाही, आणि पैसे वळते होण्यापूर्वी किमान २४ तास आधी खातेदाराला सूचना जाते. सोय चांगली आहे. माझ्याकडच्या पालकांना मात्र ‘आपोआप कापले जाणे’ रुचत नाही, म्हणून मी तो आग्रह सोडला.

पायरी ४: प्रत्येक विद्यार्थ्याची रक्कम वेगळी ठेवणे

काकींच्या प्रसंगानंतर मी हा उपाय केला. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी एक क्रमांक दिला आणि ३,६०० मधून तो वजा करून येईल ती त्याची फी ठरवली. क्रमांक १४ असेल तर ३,५८६ रुपये, क्रमांक ३७ असेल तर ३,५६३ रुपये. रक्कम कमीच होत असल्याने तक्रार कोणी करत नाही. फार तर सुरुवातीला ‘सर, ३,५८६ कसे काय?’ अशी विचारणा होते. पैसे वडिलांच्या, मामाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरून आले तरी रकमेवरून विद्यार्थी ओळखता येतो. गावकर, नाईक, गावडे, परब या आडनावांची यादीत दाटी असलेल्या आपल्या प्रदेशात याचे मोल वेगळे सांगायला नको. व्यवहाराच्या टिपेत मुलाचे नाव लिहा असे सांगून मी वर्षभर पाहिले होते. निम्मे पालक ते विसरत.

यात एक अडचण येते. दोन भावंडांची फी एकत्र आली की बेरजेवरून क्रमांक ओळखता येत नाहीत, कारण १४ व १५ ची बेरीज आणि १२ व १७ ची बेरीज एकच. म्हणून भावंडांची फी दोन वेगळ्या व्यवहारांत मागावी. बहुतेक व्यावसायिक ॲपमध्ये रक्कम आधीच भरलेला क्यूआर किंवा लिंक तयार करता येते. प्रत्येकाला त्याची स्वतःची पाठवली की चुकीची रक्कम येण्याचा प्रश्नही उरत नाही.

नोंदीसाठी साधी एक्सेल किंवा गूगल शीट पुरते. तीत क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याचे नाव, रक्कम, तारीख, यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक आणि पावती क्रमांक, एवढे रकाने असावेत. प्रवेशअर्जात ‘फी कोणाच्या खात्यातून येईल?’ हा एक प्रश्न घालावा. नोंद बँकेच्या जमेवरून करावी, पालकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून कधीही करू नये. पालक खोटे बोलतात म्हणून नव्हे, तर अडकलेल्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही घाईत पूर्ण झाल्यासारखा वाटतो आणि बनावट स्क्रीनशॉट तयार करणे तर फारच सोपे आहे.

पायरी ५: पावती आणि आठवण

पैसे दिसले की त्याच दिवशी अनुक्रमांक असलेली पावती पाठवावी, तीही प्रत्यक्ष आलेल्या रकमेची. आठवण नेहमी खासगीत पाठवावी, तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावर नव्हे. मजकूर असा ठेवावा की चूक आपलीही असू शकते हे त्यात धरलेले असेल:

‘नमस्कार काकी. जुलै ते सप्टेंबरच्या पेटीवर्गाची फी १० तारखेपर्यंत अपेक्षित होती. क्रमांक १४ साठी रक्कम ३,५८६ रुपये आहे. भरली असल्यास कोणाच्या नावाने व कोणत्या तारखेला भरली ते कृपया कळवावे, म्हणजे मी नोंद तपासतो.’

चवथीच्या आठवड्यात आठवण पाठवू नये. घरात गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायची गडबड चाललेली असताना फीचा निरोप कोणालाच बरा वाटत नाही. सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या एखाद्या घरातून आजोबा रोख रक्कमच देणार असतील तर ती घ्यावी, पावती द्यावी आणि तेवढीच रक्कम त्याच आठवड्यात फीच्या खात्यात भरावी. खिशातून परस्पर खर्च झालेली रोकड वहीत शोधून सापडत नाही.

पायरी ६: कराची बाजू

गोव्यात सेवा देणाऱ्याला वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. विद्यार्थी महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असले तरी सेवांच्या बाबतीत हीच मर्यादा चालते. इथे आपल्याकडचे लोक एका ठिकाणी हमखास चुकतात: उलाढाल पॅनवर मोजली जाते, धंद्यावर नाही. बार्देशात घराच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या शिक्षकाने शिकवणीचे ९ लाख आणि खोल्यांचे १२ लाख मिळवले, तर दोन्ही मिळून २१ लाख होतात आणि मर्यादा ओलांडली जाते.

गणित, विज्ञान, भाषा किंवा स्पर्धापरीक्षांच्या खासगी शिकवणीवर जीएसटीचा दर १८ टक्के आहे. कला वा संस्कृतीशी संबंधित छंदवर्ग एखादी व्यक्ती स्वतः शिकवत असेल तर त्या सेवेला करसूट आहे. जुलै २०२२ पासून ती ‘व्यक्ती’पुरतीच राखली आहे. म्हणजे मी स्वतःच्या नावे पेटी शिकवतो तोवर सूट, चार शिक्षक घेऊन भागीदारी संस्था काढली की ती राहत नाही. नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी म्हणून काहीही आकारू नये. प्रवेशअर्जात विद्यार्थ्याचे राज्य लिहून घ्यावे, कारण पुढे नोंदणी झाल्यास कोणता कर लागणार ते त्यावर ठरते. प्राप्तिकर अर्थातच निराळा. जीएसटी लागत नाही म्हणून फी विवरणपत्रातून वगळता येत नाही, आणि त्याचा तपशील सीएकडून एकदा समजून घेतलेला बरा.

पायरी ७: परदेशातले विद्यार्थी

आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडात राहणारे गोमंतकीय मुलांना पेटी-तबला शिकवायला उत्सुक असतात. त्यांचे भारतात एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचे) खाते असेल, तर संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया, इंग्लंड अशा ठरावीक देशांच्या मोबाइल क्रमांकावरूनही त्यांना यूपीआय वापरता येते, आणि फी रुपयांतच येते. तसे खाते नसेल तर बँकेमार्फत किंवा पेपलवरून परकी चलनात घ्यावी लागते. बँक पैसे कशाबद्दल आले ते विचारते, तेव्हा शैक्षणिक सेवेची फी असे स्पष्ट सांगावे आणि परकी चलन आल्याचा दाखला मागून जपून ठेवावा. मधल्या बँका थोडे पैसे कापतात, म्हणून वजाबाकीची युक्ती इथे चालत नाही. या विद्यार्थ्यांची नोंद नावानेच करावी.

पायरी ८: फसवणुकीपासून सावध राहणे

शिक्षकांना हमखास येणारा फोन असा असतो. समोरचा मनुष्य स्वतःला लष्करात किंवा नौदलात असल्याचे सांगतो, मुलीची तीन महिन्यांची फी एकदम द्यायला तयार होतो आणि ‘आमच्या पद्धतीप्रमाणे आधी तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणतो. वास्कोजवळ नौदलाचा तळ असल्याने गोव्यात ही बतावणी सहज खरी वाटते. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

दुसरा प्रकार ‘चुकून जास्त आले, बाकीचे या नंबरवर पाठवा’ असे सांगण्याचा. जास्तीची रक्कम दुसऱ्या खात्यावर कधीही पाठवू नये. आपल्या बँकेला कळवून ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाईल असे पाहावे. पैसे गेलेच तर तासाभराचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करावी. आपल्या खात्यावर टाच आली तर आलेली रक्कम शिकवणीचीच होती हे दाखवावे लागते. त्या वेळी प्रवेशअर्ज, पावती, वर्गाची हजेरी आणि शीटमधला १२ अंकी संदर्भ क्रमांक घेऊन शाखेत जावे.