कोरडवाहू गावातून भरपावसात कोकणात कॅम्परव्हॅन कशी न्यावी

निंदण उरकले, डवऱ्याचे फेर संपले आणि पऱ्हाटी (कपाशीचे झाड) मांडीपर्यंत आली की यवतमाळ जिल्ह्यातील आमच्यासारख्या शेतकऱ्याला पोळ्यापूर्वी आठ-दहा दिवसांची उसंत मिळते, आणि कोकणात गाडी न्यायची तर हीच वेळ हाताशी असते. पावसाशी आपली जुनी ओळख आहे, हा समज मात्र निघण्यापूर्वीच बाजूला ठेवावा. आमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस होतो, तेवढा रत्नागिरीकडे एकट्या जुलैत पडून जातो. शिवाय आमच्याकडे सर येऊन गेली की ऊन पडते. तिकडे चार-चार दिवस ऊन पडत नाही. म्हणून गाडीची तयारी करताना पाणी आत शिरू नये एवढेच पाहून भागत नाही, आत आलेली ओल बाहेर कशी जाईल हे त्याहून महत्त्वाचे असते.

गळतीची परीक्षा घरीच घ्यावी. विहिरीवरच्या मोटरचा पाइप घेऊन (वीज असेल त्या वेळेत, हे ओघाने आलेच) गाडीवर पंधरा मिनिटे पाण्याचा मारा करावा आणि आत एकाने बॅटरी घेऊन बसावे. मारा वरून न करता बाजूने, तिरपा करावा, कारण कोकणातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. छपरावरच्या झडपेची कड, खिडकीच्या रबराचे खालचे कोपरे आणि मागच्या दिव्यांच्या खाचा या तीन जागा बहुधा दगा देतात. तिथे सिलिकॉन भरून ते पूर्ण वाळल्यावर पुन्हा पाणी मारून पाहावे.

ओलीचा धडा मला गादीने शिकवला. कापूस पिकवणाऱ्याच्या गाडीत कापसाचीच गादी असणार, म्हणून घरच्या रुईची जाड गादी भरून घेतली आणि ती सरळ प्लायवूडवर टाकली. तिसऱ्या सकाळी गादी उचलली तर खालच्या बाजूने खोळ काळ्या ठिपक्यांनी भरली होती आणि प्लायवूडवर बोट फिरवले की पाण्याची रेघ उमटत होती. छत कुठेही गळत नव्हते. ते पाणी आमचेच होते. दोन माणसे रात्रभराच्या श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात आणि ते सर्वांत थंड जागी, म्हणजे उघड्या पत्र्यावर, स्क्रूच्या डोक्यांवर आणि गादीखाली जमते. तेव्हापासून फोमची गादी लाकडी पट्ट्यांवर ठेवतो, पट्ट्यांमध्ये दोन बोटांची फट सोडतो आणि सकाळी चहा होईपर्यंत गादी उभी करून ठेवतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या भरपावसातही बोटभर उघड्या राहिल्या पाहिजेत. त्यासाठी खिडक्यांवर पागोळी अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्यात आणि छपरात बारा व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावावा. ओले कपडे गाडीत कधीही वाळत घालू नयेत, ते पिळून झाकणाच्या बादलीत ठेवावेत.

सौर पॅनेलच्या भरवशावर राहू नये. एप्रिलमध्ये आमच्या अंगणात जे पॅनेल दुपारपर्यंत बॅटरी भरते, ते कोकणच्या ढगांखाली दिवसभरात जेमतेम मोबाइल भरते. चालू इंजिनवरून दुसरी बॅटरी भरणारा चार्जर बसवून घ्यावा आणि रोज तास-दोन तासांचा प्रवास ठेवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीबाहेर उघडणारे छिद्र हवे. ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेणे म्हणजे जिवावर उदार होणे आहे, कारण तिच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीतील बाके काढून पलंग बसवला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्या बदलाची मंजुरी घेऊन नोंद आरटीओकडे करून घ्यावी.

मार्ग दोन आहेत. कारंजा लाडहून समृद्धी महामार्गाला लागून मुंबईच्या बाजूने पनवेलला उतरता येते, किंवा नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरी गाठता येते. मला दुसरा आवडतो, कारण त्यात शहराची गर्दी कमी लागते. घाट कोणताही असो, तो दिवसाउजेडीच उतरावा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावा आणि हवामान खात्याचा लाल इशारा असेल त्या दिवशी वरच मुक्काम करावा. रस्त्यावरून फूटभर पाणी वेगाने वाहत असले तरी लहान मोटार वाहून जाऊ शकते आणि दोन फुटांत आपल्या व्हॅनसारखी गाडीही तरंगते. तेव्हा रस्ता दिसेनासा झाला की थांबावे.

आता समुद्राचे घड्याळ. आमचा नाला पाऊस थांबला की दोन तासांत उतरतो. खाडीकाठी तसे होत नाही, कारण भरती असेपर्यंत नदीच्या पाण्याला समुद्रात वाट मिळत नाही आणि ते मागे तुंबते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा अतिवृष्टीच्या जोडीला भरतीही होती. भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. मध्ये सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे; गाडी पाण्याजवळ लावायची असेल तर भरतीचे कोष्टक पाहावेच. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती कमी चढते. आपला पोळा अमावास्येला आणि नारळी पौर्णिमा त्याच्या पंधरा दिवस आधी; या दोन उधाणांच्या मधले दिवस किनाऱ्यासाठी धरावेत.

मुक्कामाची जागा अंधार पडण्यापूर्वी तासभर आधी निवडावी. पुळणीवर गाडी मुळीच घालू नये. काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने निघते, पण वाळूत रुतलेल्या गाडीकडे भरतीही येत असते. नारळाखाली लावू नये, कारण झावळी किंवा नारळ काच फोडायला पुरेसा असतो. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी आणि वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी थांबू नये. जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, कडक असतो, चाके रुतत नाहीत, म्हणून मला तो बरा वाटतो. मात्र वाऱ्याला तोंड करून उभे राहावे, विजा चमकत असतील तर तिथे थांबू नये आणि रात्री बूट झटकल्याशिवाय व बॅटरीशिवाय खाली उतरू नये, कारण फुरसे या विषारी सापाचे घर तेच आहे. सर्वांत चांगले म्हणजे गावात विचारून एखाद्या घराजवळ उभे राहावे. तिकडे घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळे म्हणतात. आपल्या खळ्यावर कोणी न विचारता गाडी आणली तर आपल्याला कसे वाटेल, ते आठवून आधी त्या घरच्या काकांना विचारावे आणि चाके खळ्याबाहेरच ठेवावीत.

परत आल्यावर गाडी लगेच शेडमध्ये लावू नये. विहिरीचे गोडे पाणी चाकांच्या आतून, चेसिसच्या खाचांतून आणि दारांच्या खालच्या कडांवर भरपूर मारावे, नाहीतर खारी हवा पोळ्यापर्यंत पत्र्याला फोड आणते. गादी, पट्ट्या आणि फळ्या बाहेर काढून दोन दिवस उन्हात ठेवाव्यात. ऊन इकडे पुष्कळ असते.