टेबलटॉप आरपीजी: पात्र जिवंत होत नसेल तर या चुका तपासा

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायची गोष्ट. नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी अशी एक गोष्ट, सुरू होताना प्रत्येकाच्या डोक्यात आपलं पात्र तयार असतं. नाव, क्लास (म्हणजे पात्राचा पेशा), तलवार, गालावरचा व्रण, सगळं ठरलेलं. तरीही चार-पाच सेशन्सनंतर (बैठकांनंतर) टेबलावर उरतात ते आकडेच: याचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा) 17, तिच्याकडे फायरबॉलचा मंत्र. माझं ठाम मत आहे की पात्र कागदावर घडत नाही. त्याला काहीतरी हवं असतं, त्यासाठी काहीतरी सोडावं लागतं आणि हे सगळ्यांसमोर, खेळता खेळता होतं, तेव्हा ते घडतं. पुढच्या बहुतेक चुका यातलं काहीतरी राहून गेल्यानेच होतात.

आधीच संपलेली बॅकस्टोरी

आईवडील मारले गेले, गाव जळालं, खुन्याचा सूडही घेऊन झाला. अशी पानंच्या पानं लिहून आणणाऱ्या खेळाडूची मेहनत खरी असते, पण त्यात डीएमला (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) धरायला काही नसतं. शिवाय डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा, जादूगार सहा-आठ हिट पॉइंट्स (मार सोसायचे गुण) घेऊन येतो. गोब्लिनसारख्या किरकोळ राक्षसाच्या दोन फटक्यांत तो आडवा होतो. त्यानेच पूर्वी ड्रॅगन लोळवला होता, असं लिहिलेलं असेल तर पहिल्याच लढाईत ते खोटं वाटायला लागतं.

अर्धं पान पुरे. त्यात दोन जिवंत माणसं आणि एक न मिटलेलं प्रकरण हवं. समजा, तुमच्या चोराने गिल्डकडून (चोरांच्या संघटनेकडून) कर्ज घेतलंय, ते फेडलेलं नाही आणि जामीन म्हणून बहिणीचं नाव दिलंय. आता डीएमच्या हातात गिल्ड आहे, बहीण आहे आणि मुदत आहे. जळून गेलेल्या गावातून कोणी कर्ज मागायला येत नाही.

दोष लिहिला, पण कधी खेळला नाही

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या आवृत्तीत कॅरेक्टर शीटवर (पात्राची माहिती लिहायच्या कागदावर) स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांच्यासाठी वेगळे रकाने आहेत. ते पहिल्या दिवशी भरले जातात आणि नंतर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ‘सोनं दिसलं की राहवत नाही’ असं लिहिलेलं असेल, तर पार्टी (सगळ्यांच्या पात्रांची टोळी) देवळात लपून बसलेली असताना समोर सोन्याची वाटी ठेवणं हे डीएमचं काम. आणि खेळाडूने स्वतःचं नुकसान करून हात पुढे केला, तर त्याला इन्स्पिरेशन द्या. नंतर कधीतरी तो वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेऊ शकतो. हा नियम डीएम सर्रास विसरतात. सगळ्यांचे दोष एका कार्डावर लिहून ते डीएम आपल्या नोंदी झाकायला समोर उभा करतो त्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा.

‘माझं पात्र असंच वागेल’

या वाक्याआड पार्टीतल्याच माणसाचा खिसा कापला जातो, नाहीतर कोणीतरी कोपऱ्यात एकटं बसून राहतं. पात्राचा स्वभाव खेळाडूनेच ठरवलेला असतो, त्यामुळे तो बदलणंही त्याच्याच हातात असतं. यावर उपाय सेशन झीरोमध्येच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच, करावा. प्रत्येकाने आपल्या शेजारी बसलेल्याच्या पात्राशी एक जुनं नातं सांगायचं: याने मला तुरुंगातून सोडवलं, हिच्या वडिलांकडे मी शिकलो. कोणते विषय टेबलावर नकोत, तेही त्याच बैठकीत बोलून घ्या. तेव्हा संकोचून गप्प राहिलं, तर ते नंतर फार महागात पडतं.

डीएमने गोष्ट आधीच लिहिणं

सगळ्यात जास्त कॅम्पेन इथे मरतात, असं मला वाटतं. डीएमने ठरवलेलं असतं की खलनायक पुलावर भेटणार, भाषण करणार आणि निसटणार. खेळाडू पूलच जाळून टाकतात. मग कुठूनतरी दुसरा पूल उगवतो. आपण काहीही केलं तरी तेच होणार, हे खेळाडूंच्या लक्षात येतं आणि ते मोबाइल काढतात.

प्रसंग लिहू नका, हेतू लिहा. खलनायकाला काय हवंय, त्याच्याकडे किती माणसं आहेत, कोणीच अडवलं नाही तर येत्या आठवड्यात, महिन्यात काय होईल. सरदाराला नदीपलीकडचा जकातीचा पैसा हवा असेल, तर पूल जळाल्यावर तो नावा जमवेल किंवा जाळणाऱ्यांवर इनाम लावेल. तुम्हाला नवीन काही सुचावं लागत नाही आणि खेळाडूंच्या कृतीला वजन येतं.

रहस्यकथेत हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो. ‘कॉल ऑफ क्थुलू’सारख्या, 1981 पासून खेळल्या जाणाऱ्या तपासाच्या खेळात एकच पुरावा एका फाशाच्या मागे लपवला आणि फासा चुकला, की सगळी संध्याकाळ अडकते. प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाकडे नेणारे तीन वेगवेगळे पुरावे पेरा. ‘गमशू’ या नियमपद्धतीने तर कळीच्या पुराव्यासाठी फासाच काढून टाकलाय: योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधायला लागलं की पुरावा मिळतो. खरी मजा त्याचा अर्थ लावण्यात आहे.

फासा चुकला आणि काहीच झालं नाही

कुलूप उघडलं नाही, पुन्हा टाक, पुन्हा टाक. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने 2010 मध्ये यावर छान तोड काढली. सहा बाजूंच्या दोन फाशांची आणि पात्राच्या त्या गुणाच्या आकड्याची बेरीज करायची. 10 किंवा जास्त आली तर काम फत्ते, 7 ते 9 आली तर काम होतं पण किंमत मोजून, आणि 6 किंवा कमी आली तर गोष्ट नवं वळण घेते. तुम्ही कोणताही खेळ खेळत असा, ही मधली पायरी उचला. कुलूप उघडलं, पण हत्यार आत तुटून राहिलं. आता पळायचं की पुरावा काढत बसायचं, हे कुलूप उघडणाऱ्या पात्राला ठरवावं लागेल.

आवाज बदलून बोलता आलंच पाहिजे, असं काही नाही. ‘ती मान खाली घालून नकार देते’ एवढंही चालतं. मराठीत खेळत असाल तर पहारेकरी पार्टीतल्या कोणाला ‘अहो’ म्हणतो आणि कोणाला ‘ए’, एवढ्यावरून त्या शहराची उतरंड कळते.

खेळ रेंगाळतोय असं वाटलं, तर उठण्याआधी प्रत्येकाला विचारा: पुढच्या वेळी तुझं पात्र काय करायला बघतंय? मिळालेल्या उत्तरांवरूनच तयारी करा. कोणी ‘पार्टी जाईल तिकडे’ म्हणालं, तर त्या पात्राला अजून काही हवंसंच झालेलं नाही. बाकीचे सामान आवरत असताना त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा आणि ते ठरवून घ्या.