कबड्डीत डोक्याला मार लागला तर काय करायचं

खान्देशातल्या कबड्डी स्पर्धांत डोक्याला मार लागतो तो बहुधा ठरलेल्या प्रसंगी. घोट्यावर झेप घेणाऱ्या बचावपटूच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसतो, डॅशमध्ये (चढाईपटूला धडक देऊन बाहेर ढकलताना) डोक्याला डोकं भिडतं, नाहीतर उचलून टाकलेल्याचं मागचं डोकं जमिनीवर आपटतं. डोकं आपटलं नाही, नुसता मानेला जोराचा झटका बसला तरी मेंदू कवटीत हादरतो. हेच कन्कशन. बहुतेकांची शुद्ध जात नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी एक माणूस नेमा. तो प्रशिक्षक नको, कर्णधार नको आणि गावचा देणगीदार तर नकोच. ‘बाहेर’ म्हणायचा अधिकार एकट्या त्याचा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये याच कामासाठी संघाशी संबंध नसलेले डॉक्टर मैदानाच्या कडेला असतात, तरीही चूक होते. सप्टेंबर 2022 मध्ये मायामी संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) तुआ टॅगोवायलोआ मार लागून उठताना अडखळला. ते पाठीच्या दुखण्यामुळे झालं असं ठरवलं गेलं आणि तो पुन्हा खेळला. चारच दिवसांनी पुढच्या सामन्यात त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर नियम बदलला: तोल किंवा बोलणं बिघडलेलं दिसलं, की त्या दिवशी परत खेळायचं नाही.

आपल्याकडे मात्र खेळाडू पडला की दोघं बगलेत हात घालून उभा करतात आणि तिसरा तोंडावर पाणी मारतो. तसं करू नका. आधी पडल्या जागी विचारा: मान दुखते का, हातापायाला मुंग्या येतात का? ‘हो’ म्हणाला किंवा बेशुद्ध असला तर डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा, हलवू नका आणि 108 ला फोन लावा.

मान ठीक असेल तर बाहेर घेऊन प्रश्न विचारा, तेही तो घरी बोलतो त्या भाषेत. आते कोणता हाफ चालू शे? (अहिराणीत: आता कोणता हाफ चालू आहे?) शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी झाला? एकही उत्तर चुकलं तर खेळ संपला. सगळी बरोबर आली, पण डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही किंवा चालताना तोल जातोय, तरीही संपला. एप्रिल-मेच्या उन्हात ‘ऊन लागलं’ म्हणून सावलीत बसवून परत उतरवतात. मार बसलेला दिसला असेल तर ते कन्कशनच धरा. (उष्माघाताची शंका असली तरी मैदानात पाठवायचं नाहीच.)

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, दोन-दोन दिसणं, हातापायात अशक्तपणा, गुंगी वाढणं किंवा अंगावर धावून येणं, यातलं काहीही दिसलं तर सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. तालुक्याला ती सोय आहे का, हे स्पर्धेच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसलं नाही, एवढंच. कन्कशन स्कॅनमध्ये दिसत नाही.

पहिली रात्र एकटं सोडू नका. झोपू द्यायला हरकत नाही. दारू नको, मोटारसायकल नको. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो.

एक-दोन दिवस घरातली हलकी हालचाल, मोबाइल कमीत कमी. मग चालणं किंवा सायकल, मग धावणं, मग समोर कोणी नसताना चढाईचा सराव. इथवर किंचित डोकं दुखलं तर चालतं. त्रास स्पष्ट वाढला तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. पकडीचा सराव मात्र लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच, आणि सामना त्याच्याही नंतर. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. शाळकरी पोरांना चार आठवडेही लागतात. त्यांचं आधी शाळेतलं पूर्ण दिवसाचं बसणं जमलं पाहिजे.

एका चिठ्ठीवर माराची वेळ, चुकलेली उत्तरं आणि उलट्या किती झाल्या ते लिहा. एक प्रत डॉक्टरांना, दुसरी घरच्यांना. पोरगा पुढच्या रविवारी दुसऱ्याच गावच्या संघातून उतरणार असतो, आणि तिथल्या कर्णधाराला तो स्वतःहून काही सांगणार नाही.