माईक लावायच्या आधी सबवूफरचं एवढं बघून ठेवा

होम थिएटरच्या रिसीव्हरसोबत (सगळे स्पीकर चालवणारा डबा) जो माईक येतो, तो खोलीतला आवाज मोजून स्पीकर आपोआप सेट करायला असतो; ही तयारी त्याच्या आधीची. पहिलं म्हणजे सब भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघा. तिथे क्रॉसओव्हरचा, म्हणजे किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारा नॉब असतो, तो पार शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवायचा, आणि एलएफई (पिक्चरमधला सबसाठीचा वेगळा बेस ट्रॅक) लिहिलेलं स्विच असेल तर सरळ ते, कारण बेसची वाटणी रिसीव्हर करणारे आणि ती एकदाच व्हायला पाहिजे. मी दोन महिने दोन्हीकडे ८० हर्ट्झ ठेवून बसलेलो आणि सबच मरतुकडा निघाला म्हणून चिडचिड करत होतो. पिक्चरच्या एलएफई ट्रॅकमधे १२० हर्ट्झपर्यंतचा माल असतो, सबनेच ८० ला कापल्यावर वरचा कुठून येणार.

फेज शून्यावर, व्हॉल्यूमचा नॉब अर्ध्यावर, ऑटो-ऑफ बंद. रिसीव्हर ते सब जोडायची आरसीए केबल पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळते, पण आधी सुतळीने भिंतीकडेकडेने अंतर मोजून जा, मी अंदाजाने आणली ती हातभर कमी पडली.

जागा ठरवायला सब चक्क सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसवालं गाणं लूपवर लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरा, जिथे बेस घुमत नाही आणि गायबही होत नाही तिथे सब ठेवायचा. आई म्हणाली, काय हरवलंय रे?

माईक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, उशीवर ठेवून नाही. पंखा बंद. नदीपात्राजवळ राहत असाल तर गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी या भानगडीत पडूच नका, ढोल पथकाचा सराव नेमका सबच्याच पट्ट्यात वाजतो आणि माईकला ते काय कळणार. सकाळी करा, खालच्या काकूंना सांगून.

मोजणी झाल्यावर मेनूत जाऊन बघाच. समोरचे स्पीकर लार्ज (म्हणजे खालचा बेसही त्यांच्याकडेच) आले असतील तर स्मॉल करा, क्रॉसओव्हर ८० ठेवा. छोट्या स्पीकरला रिसीव्हरने ११० दिलं असेल तर हौसेने खाली आणू नका, तिथे त्या बिचाऱ्याचा दम संपलेला त्याने मोजलाय. सबचं अंतर टेपपेक्षा जास्त दाखवतं, ते तसंच राहू द्या, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो. आणि सबची लेव्हल उणे १२ डेसिबलला जाऊन टेकली असेल तर मागचा नॉब थोडा कमी करून सगळं पहिल्यापासून, काकूंना परत सांगून.